निषेध : सरहद्दीवरचा एक शब्द

एकाच वळणाचे, एकाच उच्चाराचे शब्द दोन भाषांत दोन वेगळे अर्थ घेऊन बसलेले असतात, हे सरहद्दीवरच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळावी म्हणून पालक धडपडतात. मराठीतली शिक्षा शाळेत मिळाली, तर तेच पालक भांडायला जातात. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपली चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीतला ‘राजीनामा’ भांडण मिटवतो, आपला राजीनामा बहुतेक वेळा भांडणातूनच जन्माला येतो. नव्याने लग्न होऊन खानदेशातून बऱ्हाणपुरात आलेल्या सुनांना पहिल्या वर्षी हे सारे शब्द हसवून जातात आणि दुसऱ्या वर्षी अंगवळणी पडतात.

पण काही शब्दांच्या बाबतीत प्रकरण हसण्यावारी नेता येत नाही. ‘निषेध’ हा त्यातला एक. आमच्याकडच्या कचेरीच्या आतल्या दारावर ‘प्रवेश निषेध’ अशी पाटी असते. तासाभराच्या अंतरावर, रावेरच्या चौकात फळ्यावर ‘जाहीर निषेध’ लिहिलेले दिसते. पहिल्या पाटीचा अर्थ, आत येऊ नका. दुसऱ्याचा अर्थ, जे घडले ते आम्हाला मान्य नाही आणि हे आम्ही चारचौघांत सांगत आहोत. शब्द एकच, संस्कृत एकच, लिपीही एकच. मात्र पहिला शब्द दाराच्या आतला माणूस उच्चारतो आणि दुसरा दाराबाहेरचा. गेली काही वर्षे मी या शब्दाच्या मागे आहे, आणि माझी अशी खात्री झाली आहे, की मराठीत या शब्दाचा नुसता अर्थ बदललेला नाही. तो शब्द एका हातातून दुसऱ्या हातात गेला आहे.

मी सिंधीपुऱ्यात राहतो. नाव ऐकून बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटते, की फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची ही वसाहत असावी. तसे नाही. सोळाव्या शतकात, बऱ्हाणपुरावर फारुकी सुलतानांची सत्ता असताना, सिंध प्रांतातून सूफी संत, विद्वान आणि त्यांच्याबरोबर इतर कुटुंबे इथे येऊन राहिली, त्यांच्यावरून हे नाव पडले. मसीहुल औलिया म्हणून ओळखले जाणारे शाह ईसा जुंदुल्लाह हे त्याच सिंधी परंपरेतले. तेव्हा परक्या मुलखाची भाषा घेऊन या गावात येणे आणि हळूहळू ती विसरणे, याचा या मोहल्ल्याला चारशे वर्षांचा अनुभव आहे. आज इथे हिंदी, उर्दू, गुजराती आणि मराठी एकाच गल्लीत नांदतात; मागमाच्या खडखडाटात सगळ्यांनाच मोठ्याने बोलावे लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला सार्वजनिक नळ हलवण्याचे ठरले. कुणाला विचारले नाही, कुणाला कळवले नाही. चार-सहा घरांतली माणसे जमली आणि अर्ज लिहायला एका मराठी घरातला शिकलेला मुलगा बसला. अर्ज हिंदीत होता. त्याचे हिंदी उत्तम, पण रागाच्या भरात माणूस आईच्या भाषेत विचार करतो. त्याने लिहिले, ‘हम समस्त मोहल्लावासी इस निर्णय का निषेध करते हैं.’ अर्ज घेणाऱ्या कारकुनाने ती ओळ दोनदा वाचली आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘निषेध तो साहब करेंगे भैया, आप कौन होते हैं निषेध करनेवाले?’

त्याच्या बोलण्यात उद्दामपणा नव्हता. त्याला खरोखरच कळेना. त्याच्या भाषेत निषेध म्हणजे मनाई, आणि मनाई करायला अधिकार लागतो. नळाच्या निर्णयाला मनाई करण्याचा अधिकार गल्लीतल्या माणसांना कुठून असणार? मुलगा खजील झाला. ओळ खोडून त्याने ‘घोर निंदा करते हैं’ असे केले. अर्ज सह्यांसाठी घरोघर फिरला, तेव्हा शेजारच्या काकूंनी पेन हातात घेतले आणि विचारले, ‘काय रे, निंदा कशाला? आपण काय पाठीमागे बोलतोय का कुणाच्या?’ त्या जळगावकडच्या. त्यांच्या मराठीत निंदा म्हणजे निंदानालस्ती, पाराशी बसून केलेली. समोरासमोर, सही करून, नाव देऊन जे बोलायचे त्याला निंदा कसे म्हणायचे? शेवटी दोघांच्याही भाषांना चालेल असा शब्द निघाला : विरोध. सह्या झाल्या, अर्ज गेला.

पण विरोध म्हणजे निषेध नव्हे. विरोध पुढे व्हायच्या गोष्टीला असतो. निषेध झालेल्या गोष्टीचा असतो. विरोध करणाऱ्याला ती गोष्ट थांबण्याची आशा असते. निषेध करणाऱ्याला पुष्कळदा तीही नसते, तरी तो बोलतो. त्या अर्जातून शब्द गेला तो एकटा गेला नाही. मोहल्ल्याला जे म्हणायचे होते त्यातला मोठा भाग बरोबर घेऊन गेला. मी या शब्दाच्या मागे लागलो तो तेव्हापासून.

संस्कृतात ‘सिध्’ धातूला ‘नि’ उपसर्ग लागून निषेध तयार होतो. हाकलून लावणे, परतवणे, अडवणे असा त्याचा मूळ भाव. मीमांसकांनी वेदवाक्यांचे जे प्रकार पाडले त्यांत विधी आणि निषेध ही जोडी येते. हे करावे, हा विधी. हे करू नये, हा निषेध. कलंज खाऊ नये, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. (कलंज म्हणजे नेमके काय, विषारी बाणाने मारलेल्या जनावराचे मांस की आणखी काही, यावर पंडितांनी जेवढा खल केला, तेवढ्यात एक जेवण होऊन गेले असते.) म्हणजे हिंदीने हा शब्द बिघडवला असे म्हणण्याची सोय नाही. हिंदीने संस्कृतचा अर्थ जसाच्या तसा जपला आहे. घर सोडून गेला आहे तो मराठीतला निषेध.

आणि तो एकटाच गेलेला दिसतो. गुजरातीत निषेध म्हणजे बंदी. कन्नडमध्ये धूम्रपानाला ‘निषेध’ असतो, आणि निषेध करायचा असेल तर तिथे ‘प्रतिभटने’ किंवा ‘खंडने’ हे शब्द आहेत. तेलुगूतही निषेध म्हणजे बंदीच. आपल्या भाषेला चहूबाजूंनी वेढणाऱ्या भाषांत हा शब्द राजाचा किंवा शास्त्राचा राहिला आणि आपल्याकडे प्रजेचा झाला. बेळगावच्या मराठी घरांना हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. तिथे मराठी माणूस निषेध करायला निघतो आणि त्याला अडवायला कन्नडमध्ये जो हुकूम निघतो त्याचे नाव ‘निषेधाज्ञे’. आमच्या हिंदीतही जमावबंदीच्या हुकमाला निषेधाज्ञाच म्हणतात. पूर्वीचे कलम १४४, जुलै २०२४ पासून नव्या संहितेतले कलम १६३. निषेधाज्ञा लागू झाली की निषेध करता येत नाही! हे वाक्य फक्त आपल्यासारख्या दुभाषी वाचकालाच कळावे.

मराठीत असे का झाले असावे? माझे अनुमान असे, की मनाईच्या कामासाठी मराठीला या शब्दाची गरजच उरली नव्हती. बहमनी काळापासून आपल्या दप्तरांत फारसी-अरबीतून आलेले मनाई, बंदी, ताकीद हे शब्द रुळले होते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, पण हे शब्द काही हलले नाहीत. आजही आपण ‘दारूबंदी’ म्हणतो. १९४९ च्या मुंबई कायद्याचे मराठी नाव दारूबंदीचेच आहे. हिंदीत त्याला ‘मद्यनिषेध’ म्हणतात, आणि बिहारात तर त्या नावाचे सरकारी खातेच आहे. भारताच्या राज्यघटनेत पंधराव्या अनुच्छेदाला हिंदीत ‘प्रतिषेध’ शब्द आहे आणि मराठीत साधा ‘मनाई’. ज्या घरात मनाईची खोली आधीच भरलेली, तिथे निषेधाला बाहेर ओसरीवर यावे लागले. ओसरी रस्त्याला लागून असते.

तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याचा मुक्काम शास्त्र्यांच्या बैठकीतच होता. अमुक गोष्टीला शास्त्रात निषेध आहे, अशीच वाक्यरचना असे. १८७० साली पुण्यात विधवाविवाहावर जो मोठा शास्त्रीय वाद झाला, त्याचा सारा कणाच हा, की पुनर्विवाहाला शास्त्राची आज्ञा आहे की निषेध. इथे ‘ला’ प्रत्यय लक्षात घ्यावा. शास्त्रात पुनर्विवाहा‘ला’ निषेध असतो. आज आपण सरकार‘चा’ निषेध करतो. ‘ला’चा ‘चा’ झाला आणि अर्थ फिरला. ‘सरकारचा निषेध’ हे दोन शब्द हिंदीभाषक माणसासमोर ठेवून बघावेत. तो म्हणेल, सरकारने काढलेला मनाईहुकूम. आपण म्हणू, सरकारविरुद्ध काढलेला आवाज. षष्ठी विभक्तीने एवढा दगाफटका क्वचितच केला असेल.

मग त्या काळी उघडपणे दोष देण्याला आपली माणसे काय म्हणत? शब्द पुष्कळ होते आणि बहुतेक भीतिदायक होते. वाळीत टाकणे, पाणी तोडणे, धिंड काढणे, आणि ब्राह्मणवर्गात ग्रामण्य. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचा एक प्रसंग झाला. तिथे गेलेल्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी छापून आणली आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्तांचा घोळ कितीतरी दिवस चालला. एका पेल्यासाठी! आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढण्यात आली. या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे : दोष देणारा पक्ष बलवान आहे आणि ज्याला दोष दिला तो एकटा. जात एकाला बाहेर काढते, गाव एकाचे पाणी तोडते. ही जाहीर निर्भर्त्सना खरी, पण ती वरून खाली येणारी. तिच्यात आणि ‘प्रवेश निषेध’च्या पाटीत फारसे अंतर नाही.

दिशा उलटी झाली ती विसाव्या शतकात. वंगभंगापासून गावोगाव सभा होऊ लागल्या, ठराव होऊ लागले. ज्यांच्या हातात काही नव्हते अशी माणसे सत्तेला दोष देऊ लागली. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबईच्या बंदरावर उतरले, ते हरताळाने आणि काळ्या निशाणांनी. पण मला विचाराल, तर या शब्दाचे हस्तांतर ज्या एका रात्री डोळ्यांना दिसावे इतके स्पष्ट झाले, ती रात्र त्याच्या थोडी आधीची आणि मुंबईची नव्हे, महाडची आहे.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते, महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे ठरवले होते. कागदावर मनाई उरली नव्हती. पण तळ्याच्या काठावर शास्त्राचा निषेध उभा होता, आणि पाणी पिऊन परतणाऱ्यांवर काठ्या पडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबर १९२७ रोजी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि त्या रात्री मनुस्मृती जाळण्यात आली.

काय जळाले, हे शब्दार्थाच्या बाजूने पाहावे. मनुस्मृती हा विधिनिषेधांचा ग्रंथ. कुणी काय ऐकू नये, कुणी काय शिकू नये, कुणी कुणाच्या हातचे घेऊ नये, अशा निषेधांनी भरलेला. ज्यांना शतकानुशतके फक्त निषेध ऐकून घ्यावे लागले होते, त्या माणसांनी ठराव करून, नाव देऊन, उजेडात त्या निषेधांचाच निषेध केला. त्यांना पुस्तकावर बंदी घालायची नव्हती. ते पुस्तक दुसऱ्या दिवशीही दुकानात मिळत होते. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. ग्रामण्याच्या काळात हा माणूस जातीबाहेर फेकला गेला असता. इथे तो बाहेरच्यांच्या रांगेत स्वतः जाऊन उभा राहिला.

निषेध म्हणजे मनाई नव्हे, हे मराठी माणसाने पुढे एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवले, ते ३० नोव्हेंबर १९५७ रोजी. पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्र समितीने गडाच्या वाटेवर काळ्या निशाणांची निदर्शने केली. त्याआधीच्या दोन वर्षांत गोळीबार झालेले, माणसे मेलेली, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलेले. राग थोडाथोडका नव्हता. तरी पंतप्रधान गडावर गेले, अनावरण झाले, भाषण झाले. येऊ नका असे कुणी म्हणत नव्हते. या, पण आमच्या मनात काय आहे ते बघत या, एवढेच म्हणणे होते. हिंदीतला निषेध यशस्वी झाला तर माणूस आत जाऊच शकत नाही. मराठीतल्या निषेधाला समोरचा माणूस समोरून जावाच लागतो, नाहीतर निषेध दाखवायचा कुणाला?

या संयुक्त महाराष्ट्राच्या गदारोळात आपल्या बऱ्हाणपूरचे काय झाले, हे पुढच्या पिढीला माहीत असावे म्हणून इथे सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि राज्याच्या राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. त्या दिवशी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नवा मध्यप्रदेश भोपाळ राजधानी घेऊन उभा राहिला. निमाडमधले आमचे बऱ्हाणपूर होते तिथेच राहिले, पण त्याच्या कचेरीतली एक राजभाषा निघून गेली. (स्वतंत्र बऱ्हाणपूर जिल्हा झाला तो पुष्कळ नंतर, १५ ऑगस्ट २००३ ला.) बेळगावचे मराठी लोक त्याच १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. आमच्याकडे तो मध्यप्रदेशाचा स्थापना दिवस; शाळेत कार्यक्रम होतात, आणि आमची मुले त्यात उत्साहाने भाग घेतात. घ्यावाच. पण एकाच तारखेला एका सरहद्दीवर मराठी घरांत निषेध असतो आणि दुसऱ्या सरहद्दीवर मराठी घरांतली मुले नाचाला उभी राहतात, ही गोष्ट मला दरवर्षी जाणवते. त्या मुलांना निषेध हा शब्द ठाऊक असतो तो फक्त पाटीवरचा.

मराठीत या शब्दाच्या भोवती शेजारपाजार मोठा आहे, आणि प्रत्येकाचे काम वेगळे. धिक्कार माणसाचा करतात. त्यात थुंकल्याचा आवाज आहे आणि रागाचा ताप आहे. निर्भर्त्सना वडीलधारा करतो, धाकट्याची. निंदा कुठे होते ते काकूंनी सांगितलेच. निषेध मात्र कृत्याचा असतो. माणसाचे नाव घेतले तरी त्या कृत्यापुरते. उद्या त्याच माणसाच्या घरी लग्नाला जायला निषेधाची आड नाही. धिक्कारणे हे क्रियापद आपण सरळ वापरतो, पण ‘निषेधणे’ कोशात असूनही जिभेवर येत नाही. आपण निषेध करतो, निषेध व्यक्त करतो, आणि माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे निषेध नोंदवतो. संस्थेच्या बैठकीत मतदान हरलेला सभासद उठून म्हणतो, ‘माझा निषेध इतिवृत्तात नोंदवून घ्या.’ ठराव पास झालेला असतो, त्याचे काही बिघडत नाही. पण वहीत एक ओळ राहते, आणि वही कुणीतरी, कधीतरी उघडतो. आता मराठी घरांतली मुले भाजीत मीठ कमी पडले तरी ‘आई, जाहीर निषेध!’ म्हणतात. थट्टेत उतरलेला शब्द रुळलेला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळी. महाराष्ट्रातला निषेध गेल्या पन्नासेक वर्षांत पुष्कळदा आपल्या जुन्या घरी परतलेला दिसतो. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आली. नाटक आवडले नाही म्हणणाऱ्यांचा निषेध हा त्यांचा हक्क होता, पण त्याला लवकरच प्रयोग होऊ देणार नाही असे रूप आले. १९८० साली ‘घाशीराम’ परदेशी निघाले तेव्हा त्याला जाऊ न देण्याच्या धमक्या होत्या. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाच्या निषेधासाठी म्हणून जमाव शिरला आणि पोथ्या, ग्रंथ, चित्रे यांची नासधूस करून गेला. पुस्तकावर सरकारने बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली उठवलेली कायम ठेवली. पण फाटलेली पाने फाटलेलीच राहिली. तोडफोड करणाऱ्याला निषेध करणारा म्हणणे मला मान्य नाही. त्याच्याजवळ ताकद आहे आणि तो दार अडवून उभा आहे. त्याचा निषेध हिंदी पाटीवरचा आहे, बोलतो तो मराठी असला तरी.

आता आमच्या गावची एक जुनी गोष्ट सांगतो, जी मराठी इतिहासाच्या पुस्तकांत असते, पण निम्मीच. जानेवारी १६८१ च्या अखेरीस, संभाजीराजांच्या राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच, हंबीरराव मोहिते यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजेने बऱ्हाणपुरावर झडप घातली. शहराबाहेरचा धनाढ्य व्यापाऱ्यांचा बहादूरपुरा आणि आसपासचे इतर सतरा पुरे लुटले गेले. तटाच्या आत फौज शिरली नाही. आतल्या मोगल अधिकाऱ्याजवळ बाहेर पडून लढण्याइतके बळ नव्हते. औरंगाबादेहून खानजहान बहादूर निघाला, पण तो पोचेपर्यंत लुटीसह फौज निघून गेली होती. इथपर्यंतची हकीकत आपण लहानपणापासून अभिमानाने वाचलेली असते, आणि मीही वाचली आहे.

उरलेला अर्धा भाग खाफीखानाने लिहून ठेवला आहे. फौज गेल्यावर बऱ्हाणपुरातल्या प्रमुख माणसांनी एकत्र येऊन औरंगजेब बादशहाला एक निवेदन धाडले. मालमत्ता गेली, अब्रू गेली, आणि आता शुक्रवारची सार्वजनिक नमाज बंद पडेल, असे त्यात म्हटले होते. शुक्रवारच्या नमाजेत खुतबा बादशहाच्या नावाने पढला जातो. ती नमाजच होणार नाही म्हणजे काय, हे ज्याला कळायचे त्याला कळले. दोन वर्षांपूर्वी, १६७९ साली, याच बादशहाने धर्माच्या नावाने जिझिया बसवला होता; त्याच्याच धर्माच्या माणसांनी त्याला तोंडावर सांगितले, की तुझ्या राज्यात आमचे रक्षण होत नाही. लुटणाऱ्यांना अडवण्याचे बळ त्यांच्यात नव्हते आणि बादशहाला मनाई करण्याचे तर कुणातच नव्हते. त्यांच्याजवळ होता तो एक कागद आणि त्यावरची नावे.

मराठी माणूस म्हणून ही गोष्ट वाचताना क्षणभर कुठे उभे राहावे ते कळत नाही. लुटीच्या बाजूला आपली फौज आहे. निवेदनाच्या बाजूला आपले गाव आहे. मी बऱ्हाणपूरकर आहे, आणि निषेध हा शब्द मराठीत ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाचे या गावातले मला ठाऊक असलेले सर्वांत जुने उदाहरण हे आहे. करणारे मराठी नव्हते, शब्द फारसी होते, आणि कारण आपली फौज होती. तरी तो निषेधच.

निवेदन पोचले. बादशहाने खानजहानला कडक शब्दांत खडसावले आणि आपण स्वतः बऱ्हाणपुराकडे येत असल्याचे कळवले. बंडखोर शहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला गेला होता, तेही कारण होतेच. सप्टेंबरात अजमेर सोडून नोव्हेंबर १६८१ मध्ये तो बऱ्हाणपुरात दाखल झाला, काही महिने राहिला आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये औरंगाबादेला पोचला. त्यानंतर उत्तरेत तो परत गेला नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ वारला.

गावच्या माणसांनी एकत्र जमून, सगळ्यांच्या साक्षीने केलेल्या कागदाला त्या काळी महजर म्हणत. शब्द अरबी, मराठी दप्तरांतही तो सर्रास येतो, आणि त्याचे मूळ तेच जे आपल्या रोजच्या ‘हजर’ या शब्दाचे. शाळेत मास्तर नाव पुकारतात आणि मूल उभे राहून म्हणते तो हजर. हिंदी शाळेत त्याला आता ‘उपस्थित’ म्हणतात.